रेतीतले अर्चिन

सर्व्हेला किती वाजता निघायचं हे विजयसरांनी जेवणाच्या सोयीवरून ठरवलं, ओहोटीच्या वेळेवरून नाही, आणि भाऊरावांचं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. सुरतेच्या दक्षिणेला, अगदी समुद्राकाठी, मगन नावाच्या एका मच्छीमाराचं गाव आहे. त्या गावाच्या किनाऱ्यावर एका मोठ्या कारखान्याच्या सांडपाण्याचा पाइप येऊन सुटणार होता. पाइप टाकण्याआधी तिथे कोणकोणते जीव राहतात याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. ते काम कारखान्याने सुरतेतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे विजयसरांना दिलं होतं. भाऊराव त्याच विभागात प्रयोगशाळा सेवक. वय चोपन्न, पण कॉलेजात त्यांना अजूनही ‘लॅब बॉय’च म्हणत.

“सर, काल पौर्णिमा झाली,” भाऊराव आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते. “उद्या सकाळी दहा-साडेदहाला पाणी सगळ्यात मागे असेल. सातला निघालो तर बरोबर पोचू.”

“सातला कोण उठतंय?” सर हसले. “कारखान्याच्या गेस्ट हाउसवर जेवण आहे. जेवू आणि मग जाऊ.”

जेवण लांबलं. साडेतीनला जीप बांधावर जाऊन थांबली तेव्हा समुद्र बांधाच्या दगडांवर आपटत होता. किनारा म्हणून जे काही पाहायचं होतं ते सगळं दोन पुरुष पाण्याखाली होतं. सरांनी बांधावर उभं राहून फोटो काढले, एका बाटलीत गढूळ पाणी भरून घेतलं, दुसऱ्या बाटलीत बांधाच्या पायथ्याचा चिखल. पंचवीस मिनिटांत सगळं उरकलं.

“सर, उद्या सकाळी परत येऊ. मी एकटा आलो तरी चालेल. मगनला सोबत घेतो.”

“भाऊराव, हे काही पोरांचं प्रॅक्टिकल नाही,” सर जीपमध्ये बसत म्हणाले. “चिखल आहे. चिखलात काय असणार?”

भाऊराव पुढच्या सीटवर बाटल्या मांडीवर घेऊन बसले.

ते एरंडोलजवळच्या खेड्यातून सत्तर साली सुरतेला आले होते. दोन वर्षं बमरोलीला यंत्रमागावर काढली. मग कॉलेजात शिपायाची जागा निघाली. मॅट्रिकला गणितात नापास झाले होते, तरी अर्ज केला आणि लागले. त्या वेळचे विभागप्रमुख वेगळे होते. त्यांनी या माणसाला हाताशी धरून शिकवलं. नमुना कसा उचलायचा, फॉर्मलीन किती टाकायचं, झाकणावर मेण कसं लावायचं. आणि चिठ्ठी कशी लिहायची. नाव, तारीख, गाव, आणि प्राणी नेमका कुठे सापडला ते. खडकावर, खडकाच्या खाली, शेवाळात, रेतीत, किती खोल. प्राण्याचं नाव एकवेळ चुकलं तर मागून दुरुस्त करता येतं, पण तो कुठे राहत होता हे चुकलं तर बरणीत नुसतं मेलेलं कवच उरतं, असं ते म्हणायचे. भाऊरावांनी ते पाठ केलं नाही, हाताला लावून घेतलं. पंचवीस वर्षांतल्या चारशेच्या वर बरण्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

त्यातही त्यांचा जीव सी-अर्चिनवर. घरी ते त्याला दर्यातलं सायाळ म्हणत. परीक्षेला येणारी पोरं लिहायची, ‘अर्चिन हा काटेरी गोल प्राणी खडकाळ किनाऱ्यावर राहतो’, आणि पूर्ण मार्क घेऊन जायची. भाऊरावांना ते वाचून चीड यायची. ओख्याच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या सहलीत त्यांनी स्वतः पाहिलं होतं, एका जातीचा अर्चिन काट्यांनी आणि दातांनी दगड कोरून त्यात आपल्यापुरती खोबण करतो आणि तिच्यातच बसून राहतो. त्याच ओख्याला गवताळ पाण्यात दुसरा, हिरवट, आखूड काट्यांचा, अंगावर शिंपल्यांचे तुकडे पांघरून हिंडतो. दूर दक्षिणेत, मंडपमला, प्रवाळाच्या फटींत लांब काळ्या सुयांचा, बोटात शिरली की सुई आतच मोडते. वाळूवर बिस्किटासारखा चपटा. आणि या सगळ्यांहून वेगळा तो, जो रेतीच्या आत राहतो.

तो त्यांना मगनने दाखवला होता, एक्याऐंशी साली. ओहोटीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, चिखल संपून बारीक रेतीचा पट्टा लागतो तिथे. वर फक्त पेन्सिल टोचल्यासारखं एक छिद्र. मगनने तिथे हात घातला, मनगटाच्या वरपर्यंत, आणि मुठीएवढी एक वस्तू बाहेर काढली. बदामाच्या आकाराची, अंगावर काटे कसले, मऊ केसच, सगळे मागे वळलेले. “रेतीनो उंदर,” मगन म्हणाला. उंदरासारखाच दिसत होता. पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. त्याला दगड कोरायला दात नसतात, रेती गिळून त्यातलं सत्त्व घेतो आणि उरलेली रेती मागे टाकतो. कवच इतकं पातळ की जोराने धरलं तर हातात चुरा. भाऊरावांनी त्या दिवशी दोन आणले, बरणीत ठेवले आणि चिठ्ठी लिहिली. मगनच्या गावाचं नाव, तारीख, ‘रेतीत सहा इंच खोल, जिवंत’.

फेब्रुवारीत अहवाल तयार झाला. त्याच्या प्रती काढायला भाऊरावांनाच झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं. मशीनमध्ये कागद अडकून पाच-सहा पानं काळपट निघाली, ती दुकानदाराने बाजूला फेकली. भाऊरावांनी ती उचलून घडी करून खिशात घातली. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

सुरतेतच लिंबायतला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. मुलगी निशा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं इंग्रजी चांगलं होतं. चहा झाल्यावर भाऊरावांनी पानं तिच्यापुढे ठेवली.

“वाच आणि मराठीत सांग.”

निशाने वाचायला सुरुवात केली. “‘सर्वेक्षण तीन दिवस, पूर्ण ओहोटीच्या वेळी करण्यात आले.’”

“काय?”

“तीन दिवस, बाबा. ओहोटीच्या वेळी.”

“पुढे.”

“‘सी-अर्चिन व त्यासारखे प्राणी खडकाळ किनाऱ्यावर राहतात. येथे खडक नसल्याने ते आढळत नाहीत आणि आढळण्याची शक्यताही नाही. किनाऱ्यावर उल्लेखनीय जीवसृष्टी नाही.’” निशाने पान उलटलं, थोडं खाली वाचलं आणि थांबली. “बाबा, इथे तुमचं नाव आहे.”

“माझं?”

“‘नमुने गोळा करणारे.’ खाली तुमचंच नाव. एकट्याचं.”

भाऊरावांनी पान हातात घेतलं. स्वतःचं नाव इंग्रजीत ओळखण्याइतकं त्यांना येत होतं. पंचवीस वर्षांत कुठल्याही छापील कागदावर त्यांचं नाव आलं नव्हतं. ओख्याच्या, मंडपमच्या नमुन्यांवर लोकांनी पीएच.डी. केल्या, आभाराच्या पानावर बायकोचं, सासऱ्याचं, टायपिस्टचं नाव घातलं, यांचं नाही. आणि आता आलं ते इथे, या खोट्याच्या खाली.

त्यांची बायको चंद्रभागा भाकरी थापता थापता हे ऐकत होती. “तुमनं तोंड काब उतरेल शे?” तिने घरच्या अहिराणीत विचारलं, तोंड का उतरलंय म्हणून.

“मना नावखाले खोटं लिखेल शे,” भाऊराव म्हणाले. “मी तठे तीन दिन गयाच नही. कोनीच नही गयं.”

“मंग जाईसन सांगा त्यासले.”

चंद्रभागेला हे इतकं सरळ वाटत होतं, आणि त्या क्षणी भाऊरावांनाही ते तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयातल्या कपाटातून ती एक्याऐंशी सालची बरणी काढून सरांच्या केबिनमध्ये घेऊन गेले आणि टेबलावर ठेवली.

“सर, अहवालात लिहिलंय की अर्चिन तिथे नाहीत. हे तिथलेच आहेत.”

सरांनी आधी बरणीकडे पाहिलं, मग दाराकडे. “अहवाल इंग्रजीत आहे, भाऊराव. तुम्हाला कळला कसा?”

“माझ्या मुलीला इंग्रजी येतं.”

“असं.” सरांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, एखाद-दुसरा वाहून आला असेल कुठून तरी.”

“वाहून येतं ते रिकामं कवच असतं, सर. हे मी जिवंत काढलेत. चिठ्ठीवर लिहिलंय. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी मी तिथे गेलोय. प्रत्येक वेळी दिसलेत. आणि तीन दिवसांचं काय? आपण अर्धा तास होतो, तोही भरतीला.”

“भाऊराव, बसा. उभे का?” सरांचा आवाज एकदम घरगुती झाला. “आपण मराठी माणसं. इतकी वर्षं परक्या मुलखात एका छपराखाली काढली. तुम्ही आपले म्हणून सांगतो. अशा अहवालांत थोडं मागेपुढे होतंच. पाइप आज ना उद्या येणारच आहे. तुमच्या दोन उंदरांसाठी तो थांबणार नाही.”

“पाइप थांबवा असं मी म्हणत नाही. आहे ते आहे म्हणा. आणि नसेल म्हणायचं तर माझं नाव काढा.”

“छापून झालाय.”

“मग कागद जोडा. चूक झाली म्हणून.”

“बरं, बघतो,” सर म्हणाले. “बरणी इथेच राहू द्या.”

भाऊरावांनी बरणी ठेवली. पुढे कितीतरी दिवस या एका गोष्टीसाठी ते स्वतःलाच बोल लावत राहिले. कारण चार दिवसांनी बरणी कपाटात परत आली तेव्हा त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी खरवडून काढलेली होती आणि तिच्या जागी टाइप केलेली नवी चिकटवली होती. प्राण्याचं नाव तेच. तारीख तीच. गावाच्या जागी ‘ओखा’. ‘रेतीत सहा इंच खोल’ ही ओळ गाळलेली.

त्यांनी ती चिठ्ठी बोट ठेवून पुन्हा ओळीओळीने वाचली. अहवालातलं खोटं सरकारच्या फायलीत पडलं असतं आणि कोणी वाचलंही नसतं. पण ही बरणी पोरांसमोर ठेवायची होती. उद्या एखादी हुशार मुलगी ही चिठ्ठी वाचून ओख्याला जाईल, तिथल्या दगडांत हा प्राणी शोधत बसेल, आणि सापडला नाही म्हणून स्वतःलाच दोष देईल. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना प्राणिशास्त्र शिकवलं त्याने स्वतःच्या हाताने ही चिठ्ठी टाइप करावी, याची भाऊरावांना शिसारी आली. त्यांनी बरणी जागेवर ठेवली, कपाट बंद केलं आणि सरांना काहीच विचारलं नाही. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये कळलं की गावात जनसुनावणी आहे. असा पाइप टाकण्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं अधिकाऱ्यासमोर ऐकायचं, असा नियम नुकताच आला होता. तारीख तेरा एप्रिल, सोमवार, सकाळी साडेअकरा. सर अहवाल समजावून सांगणार होते. प्रोजेक्टर उचलायला त्यांनी भाऊरावांना नाही, ऑफिसातल्या बाबुराव शिपायाला नेमलं. भाऊरावांनी त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, ‘घरगुती’. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती, लिंबायतमध्ये निळ्या पताका लागत होत्या, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

सहाच्या एस.टी.ने निघून ते आठला गावात उतरले. मगन वाट पाहतच होता. दोघं एकाच वयाचे, पण मगन उन्हाने जास्त म्हातारा दिसायचा.

“भाऊ, अकरापर्यंत पाणी पूर्ण जाईल,” तो म्हणाला. “सुनावणीची वेळ कोणी ठरवली ठाऊक नाही, पण आपल्या सोयीची ठरवली.”

परतणाऱ्या पाण्याच्या मागे मागे ते निघाले. आधी पाव कोस चिखल. त्यात गावच्या बायका कमरेला टोपल्या बांधून लेवटा पकडत होत्या. कोकणात ज्यांना निवट्या म्हणतात, ते चिखलावर उड्या मारणारे मासे. ‘उल्लेखनीय जीवसृष्टी नाही.’ भाऊरावांना ते वाक्य आठवलं आणि चालता चालताच त्यांचे कान तापले. मग चिखल संपला आणि पायाला रेती लागली, घट्ट, लाटांच्या वळ्या उमटलेली. मगन वाकून चालू लागला. पेन्सिलीचं छिद्र. त्याच्यापुढे दुसरं. तिसरं. अर्ध्या तासात त्यांनी सात काढले आणि घमेल्यात तीच रेती नि तेच पाणी भरून त्यात ठेवले. ठेवल्याबरोबर एक-एक जण केस हलवत हलवत हळूहळू आत रुतू लागला.

सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात होती. पुढे टेबलाशी प्रांत अधिकारी, शेजारी कारखान्याचे तिघे आणि विजयसर. बाकांवर साठ-सत्तर गावकरी. भाऊराव घमेलं ओल्या गोणपाटाने झाकून व्हरांड्यात ठेवून मागे जाऊन उभे राहिले. सरांनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं, खडकांवर बसलेल्या काळ्या अर्चिनचं, आणि गुजरातीत सांगू लागले. हे प्राणी स्वच्छ पाण्याची खूण असतात, ते खडकावर राहतात, इथे खडकच नाहीत, त्यामुळे नुकसान होण्यासारखं इथे काही नाही. हा किनारा मुळात जवळजवळ मेलेला आहे.

बायकांच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला.

मगन उठला. “साहेब, तो प्राणी आमच्याकडे आहे. रेतीच्या आत राहतो.”

“काका, हा शास्त्राचा विषय आहे,” सर गोड आवाजात म्हणाले. “आम्ही तीन दिवस ओहोटीला पाहणी केली आहे.”

“नाही केली,” भाऊराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सरांना ते तिथे आहेत हे आत्ता कळलं.

“तुम्ही कोण?” प्रांतांनी विचारलं.

“मी भाऊराव. अहवालात नमुने गोळा करणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो.” त्यांची गुजराती तोडकीमोडकी होती, मधूनच हिंदी आणि मराठी शिरत होती, पण ते थांबले नाहीत. “तीन दिवस नाही, साहेब. एक दिवस, पंचवीस मिनिटं, भरतीला. आम्ही बांधावरून खाली उतरलोसुद्धा नाही. त्या कागदावर माझं नाव आहे म्हणून सांगतो, तो कागद खोटा आहे.”

“हा आमचा लॅब बॉय आहे,” सर प्रांतांकडे वळून म्हणाले. “फारसा शिकलेला नाही. काही वैयक्तिक नाराजी—”

“थांबा,” प्रांत म्हणाले. “तुमच्याकडे काय आहे?”

भाऊरावांनी बाहेर जाऊन घमेलं आणलं आणि टेबलावर ठेवलं. वर फक्त रेती आणि पाणी दिसत होतं. कारखान्याचा एक माणूस हसला. भाऊरावांनी रेतीत हात घातला आणि एक अर्चिन तळहातावर घेऊन प्रांतांसमोर धरला. त्याचे मऊ केस एका बाजूने दुसऱ्या बाजूला लाटेसारखे हलत होते.

“हा अर्चिनच?”

“अर्चिनच. खडकावरच्याचे काटे मोठे, कारण त्याला लाटेशी झगडायचं असतं. याला रेतीत शिरायचं असतं, म्हणून केस. घर वेगळं म्हणून अंग वेगळं.”

“हे कुठूनही आणता येतं,” सर म्हणाले. आता त्यांचा आवाज गोड राहिला नव्हता. “ओख्याहून, कुठूनही.”

भाऊराव पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळले. “ओखा म्हणजे रात्रभराची गाडी, सर. हा घमेल्यात अर्धा दिवससुद्धा जगत नाही. तुम्हीच वर्गात शिकवता.” मग प्रांतांकडे पाहून, “साहेब, वीस-पंचवीस मिनिटं चालायचं आहे. पाणी परतायला लागलंय, पण लगेच निघालं तर रेती उघडी मिळेल. आपण स्वतः चला.”

प्रांतांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी गावच्या तलाठ्याला हाक मारली. “जा यांच्याबरोबर. स्वतःच्या हाताने काढा. या माणसाने काढलेला नको.”

तलाठी बिचारा इस्त्रीची पँट दुमडून मगनमागे निघाला. त्याच्यामागे दहा-बारा बायका, शाळेचे एक शिक्षक, कारखान्याचा एक तरुण इंजिनिअर. भाऊराव मुद्दाम गेले नाहीत. ते वर्गातच भिंतीला टेकून उभे राहिले. सरही खुर्चीतून हलले नाहीत. बाबुरावाने प्रोजेक्टर बंद केला तरी त्याचा पंखा घरघरत राहिला. त्या तासाभरात दोघांपैकी कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

तलाठी परतला तो मांड्यांपर्यंत चिखलाने माखून. ओंजळीत दोन अर्चिन होते, एकाचं कवच घाईत फुटलेलं. “बहु छे, साहेब,” तो धापा टाकत म्हणाला. पुष्कळ आहेत. “पाय ठेवायला भीती वाटते, इतके.”

पंचनामा झाला. मगनने अंगठा उठवला, तलाठ्याने सही केली, भाऊरावांनी मराठीत सही केली. प्रांतांनी पाहणी दुसऱ्या संस्थेकडून, ओहोटीला आणि गावकऱ्यांच्या समक्ष पुन्हा करावी असा शेरा लिहिला. उरलेले अर्चिन मगनने होडीतून नेऊन त्याच रेतीच्या पट्ट्यावर सोडले.

भाऊरावांना वाटलं होतं, आता निदान कोणीतरी विचारेल की तीन दिवस कुठून आले. विचारलं गेलं ते त्यांनाच. जयंतीची सुट्टी संपून ते कामावर गेले त्याच दिवशी हातात नोटीस पडली. खोटं कारण देऊन रजा घेतली, वरिष्ठांचा जाहीर अपमान केला, विभागाच्या नावाचा गैरवापर केला, याची कारणे सात दिवसांत दाखवा.

प्राचार्यांनी बोलावून समजावलं. “दोन ओळींची माफी लिहा. मी नोटीस फाडून टाकतो.”

“रजेचं कारण मी खोटं लिहिलं, त्याची माफी लिहून देतो,” भाऊराव म्हणाले. “बाकीच्याची नाही.”

रात्रीचं जेवण झाल्यावर निशाने उत्तर लिहायला घेतलं. तिने आधी चांगलं इंग्रजी लिहिलं, नियम, कलमं. भाऊरावांनी ते बाजूला सारलं. “मराठीत लिही. माझं मी सांगतो.” त्यांनी पाहणीची तारीख, जीप किती वाजता थांबली, पाणी कुठे होतं, किती मिनिटं थांबलो, हे सगळं सांगितलं. बरणीवरची चिठ्ठी कोणत्या तारखेला बदलली ते सांगितलं. शेवटी कोणता अर्चिन कुठे राहतो ते एकेक करून सांगितलं, दगड कोरणारा, शिंपले पांघरणारा, चपटा, रेतीतला. पाच पानं झाली.

“बाबा, हे शेवटचं कशाला? नोटिशीत हे विचारलेलंच नाही.”

“हे कोणी विचारत नाही म्हणून तर नोटीस आली,” भाऊराव म्हणाले. “लिही.”

त्या पाच पानांना उत्तर कधीच आलं नाही. पण महिनाभरात त्यांची बदली झाली. संग्रहालयाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना कॉलेजच्या सायकल-स्कूटर स्टँडवर बसवलं. पत्र्याची शेड, लोखंडी खुर्ची, पितळी बिल्ल्यांची पेटी. चंद्रभागा पहिल्या दिवशी डबा देऊन परत फिरताना रडली. भाऊराव रडले नाहीत, त्यांना जेवण मात्र आठ दिवस गोड लागलं नाही.

दुसरी पाहणी डिसेंबरात झाली. तिची बातमी मगनने आणली. चार जण आले, तीन दिवस राहिले, रोज ओहोटीबरोबर चालत गेले, मगनलाही सोबत घेतलं. त्यांच्या यादीत एकोणतीस प्राणी होते. पाइप रद्द झाला नाही. पण तो रेतीच्या पट्ट्याला वळसा घालून दूर खोल पाण्यात न्यायचा असं ठरलं. मगन म्हणाला, “अर्धं मिळालं, भाऊ.” भाऊराव म्हणाले, “अर्धं कसलं? अर्धं त्यांनी चोरून ठेवलं, ते परत दिलं म्हणायचं.”

आणि नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये विभागाबाहेरच्या फलकावर एक कागद लागला. विजयसरांचा शोधनिबंध एका परिषदेत स्वीकारला गेला होता. विषय, या किनाऱ्यावरील रेतीत राहणाऱ्या अर्चिनची पहिली नोंद. अभिनंदन. डबा घेऊन आलेल्या निशाने तो कागद बापाला वाचून दाखवला.

“पहिली नोंद म्हणे. बाबा, तुम्ही काहीतरी करा.”

भाऊरावांनी त्या रात्री काही केलं नाही. पण आठवडाभराने सर स्वतःच स्टँडवर आले. स्कूटर लावली आणि खुर्चीपाशी थांबले. नवा माणूस बरण्यांकडे पाहत नाही, फॉर्मलीन उडून गेलंय, काही नमुने सुकून काळे पडलेत, विद्यापीठाची समिती येणार आहे, असं ते सांगू लागले.

“झालं गेलं सोडून द्या, भाऊराव. परत या. प्राचार्यांशी मी बोलतो.”

बरण्या सुकल्याचं ऐकून भाऊराव खुर्चीतून अर्धे उठले. जायला त्यांचे पाय तयार होते. त्यांनी हात खुर्चीवर घट्ट धरला.

“येतो, सर. निबंधात पहिल्या पानावर लिहा की हे प्राणी एक्याऐंशी साली मगनने दाखवले. गावाचं नाव लिहा. आणि बरणीवर माझी चिठ्ठी होती तशी लावा.”

सर हसले, पण हसू नीट जमलं नाही. “मच्छीमारांची नावं निबंधात नसतात, भाऊराव. तशी पद्धत नाही.”

“तीन दिवस न जाता गेलो म्हणायची पद्धत आहे?”

सरांनी मागे वळून पाहिलं. स्टँडवर सायकल लावायला आलेल्या दोन मुली थांबून पाहत होत्या. भाऊरावांनी पेटीतून एक बिल्ला काढून सरांच्या हातात दिला आणि स्कूटरकडे बोट दाखवलं.

“ती शेवटच्या रांगेत लावा, सर. उभी केलीत तिथे मुलींच्या सायकली असतात.”

सरांनी बिल्ला खिशात टाकला. मग किल्ली काढून स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि ढकलत शेवटच्या रांगेत नेली. भाऊरावांनी मुलींना त्यांचे बिल्ले दिले.